वाडिया : गोदी कंपनीची, हात घराण्याचे

पुण्यातलं वाडिया कॉलेज, परळचं वाडिया हॉस्पिटल, बॉम्बे डाइंगच्या चादरी. वाडिया हे नाव कानावरून इतक्या वेळा गेलेलं असतं की त्याचा अर्थ काय, हे विचारायचं राहूनच जातं. गुजरातीत वाडिया म्हणजे जहाजं बांधणारा सुतार. आडनाव धंद्यावरून पडलं आणि तो धंदा या पारशी घराण्याने मुंबईच्या गोदीत १७३६ पासून जवळजवळ दीडशे वर्षं केला. या काळात त्यांच्या हातून साडेतीनशेच्या आसपास जहाजं पाण्यात गेली. त्यांत ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौकाही होत्या.

पण या गोष्टीला 'कौटुंबिक कंपनी' म्हणताना थोडं थांबावं लागतं. गोदी वाडियांची नव्हती. जमीन, लाकूड, पैसा, हुकूम सगळं ईस्ट इंडिया कंपनीचं. वाडिया तिथे पगारावर होते. त्यांचं स्वतःचं असं जे होतं ते डोळ्यांत आणि हातात होतं, आणि तेच बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जात राहिलं. असली मालमत्ता किती टिकते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायला या घराण्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सुरतेहून मुंबईला

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावर जहाजं बांधून घ्यायची तर सुरतच गाठावी लागे. मुंबई त्या मानाने लहान होती. कंपनीपुढे अडचण अशी की जहाज सुरतेला बांधायचं, दुरुस्तीलाही तिकडेच न्यायचं, आणि मधल्या काळात कोकणच्या समुद्रावर आंग्र्यांचं आरमार. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले, पण त्यांच्या मुलांनी कंपनीला स्वस्थ बसू दिलं नाही. आपल्याला आंग्र्यांचा इतिहास किल्ल्यांच्या आणि लढायांच्या अंगाने शिकवतात. मुंबईत जहाजबांधणी रुजण्यामागेही ते होते, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. कंपनीला घराजवळ, आपल्या तोफांच्या छायेत गोदी हवी झाली ती बऱ्याच अंशी त्यांच्या धास्तीने.

१७३५ साली कंपनीने सुरतेत 'क्वीन' नावाचं जहाज बांधून घेतलं. देखरेखीसाठी गेलेल्या मुंबईच्या अधिकाऱ्याच्या नजरेत तिथला एक मुकादम भरला. त्याचं नाव लवजी नसरवानजी. पुढच्याच वर्षी मोजके सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईत आले आणि १७७४ साली मरेपर्यंत इथेच राहिले.

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्यामागे एक घर आणि वीस हजार रुपयांच्या आतली रक्कम उरली, असं गोदीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. आपल्या नातवांना, फ्रामजी आणि जमशेटजी यांना, त्यांनी सुरुवातीला साध्या सुतारांसारखंच कामाला लावलं होतं. पगार महिना बारा रुपये. वशिल्याने खुर्ची मिळाली असती. त्याऐवजी मुलांच्या हातात आधी वाकस आणि पटाशी आली. या एका निर्णयावर पुढचं शतक उभं राहिलं असं मला वाटतं.

गोदी म्हणजे नेमकं काय

जहाजाचा तळ दुरुस्त करायचा तर ते पाण्याबाहेर हवं. लहान होडी वाळूवर ओढता येते. शेकडो टनांचं जहाज ओढलं तर त्याच्या स्वतःच्या वजनानेच सांधे निखळतील. म्हणून सुकी गोदी. किनाऱ्यालगत खणलेला, दगडाने बांधून काढलेला लांबट हौदच तो, फक्त समुद्राच्या बाजूला भिंतीऐवजी दरवाजा. तळाशी मधोमध जाड ओंडक्यांची रांग.

भरतीला दरवाजा उघडा ठेवायचा. पाणी आत येतं, त्यावर तरंगत जहाज आत येतं आणि बरोबर ओंडक्यांच्या रांगेवर आणून धरलं जातं. ओहोटी लागली की पाणी उतरू लागतं, जहाज हळूहळू ओंडक्यांवर टेकतं. दोन्ही बाजूंनी टेकू लावत जायचं. पाणी ओसरलं की दरवाजा लावून घ्यायचा आणि उरलंसुरलं पाणी उपसायचं. आता जहाजाखाली उभं राहून काम करता येतं.

या सगळ्यात उचलण्याचं मुख्य काम समुद्र फुकट करतो. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. जिथे हा फरक हातभर असतो तिथे सगळं पाणी उपसूनच काढावं लागतं. मुंबईच्या गोदीचं अर्धं यश या एका गोष्टीत आहे.

नवी जहाजंही इथे गोदीतच बांधत आणि उधाणाच्या पाण्यावर तरंगत बाहेर काढत. त्यामुळे मुहूर्त चंद्राकडे बघूनच ठरे. 'मिंडेन' १९ जून १८१० रोजी बाहेर पडलं, 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. तिथी मोजून पाहिल्या तर पहिल्याच्या एक-दोन दिवस आधी पौर्णिमा येते आणि दुसऱ्याच्या आधी अमावास्या. उधाणाचं सर्वांत मोठं पाणी पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीच चढतं, हे आपल्या कोळ्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

कंपनीने मुंबईची पहिली सुकी गोदी १७५०च्या सुमारास बांधली, पुढे १७६५पर्यंत तिला आणखी दोन जोडल्या. आशियातली पहिली गोदी म्हणून तिचं नाव सगळीकडे घेतलं जातं. हे वाचताना मला विजयदुर्गजवळच्या वाघोटन खाडीतली, खडक कोरून केलेली आंग्र्यांची गोदी आठवते. ओहोटीचा उपयोग करून जहाज कोरड्यावर घ्यायचं तत्त्व दोन्हीकडे सारखंच. तेव्हा 'पहिली' हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.

सागवानाचा हिशेब

वाडियांची जहाजं एवढी का टिकली, याचं उत्तर लाकडात आणि लोखंडात आहे.

इंग्लंडमध्ये जहाजं ओकची बांधत. ओक मजबूत असतो, पण त्यात टॅनिक आम्ल भरपूर. दमट हवेत हे आम्ल लोखंडी खिळ्याला खातं. खिळा गंजून फुगतो, भोक सैल होतं, तिथे पाणी शिरतं, मग लाकूड कुजतं. खिळा आणि फळी एकमेकांना संपवत जातात. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यातल्या खिळ्याला सहसा गंज चढत नाही, कीड आणि वाळवीही लवकर लागत नाही. ओकच्या युद्धनौकेला पंधरा वर्षांत मोठी दुरुस्ती काढावी लागे. सागवानी जहाज पन्नास वर्षं सहज काढे.

सागाची एक अडचण आहे. ताजा तोडलेला साग इतका जड असतो की पाण्यात बुडतो, म्हणजे नदीतून वाहून आणता येत नाही. त्यावर तोड अशी की खोडाभोवती सालीचं कडं काढून झाड उभ्याउभ्या वाळू द्यायचं आणि मग तोडायचं. तसं वाळलेलं खोड तरंगतं. म्हणजे आज लागणाऱ्या लाकडाचा विचार खूप आधी केलेला असावा लागे. मलबारच्या आणि गुजरातच्या जंगलांतून हे लाकूड मुंबईला येई.

आता बांधणी. आधी तळाचा कणा ठेवायचा. आपल्याकडचे गलबत बांधणारे त्याला पठाण म्हणतात. त्यावर बरगड्या उभ्या करायच्या. बरगडीला लागतो बाक, आणि सरळ लाकूड कापून बाक काढला तर त्याचे तंतू तुटतात, जोर जातो. म्हणून मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड शोधायचं. फांदी जिथे खोडाला फुटते तो कोन, वाऱ्याने कलंडलेलं खोड, हे सगळं जहाजाच्या सुताराला सोन्यासारखं. ढिगातल्या ओंडक्याकडे बघून 'हा पुढच्या तिसऱ्या बरगडीचा' हे ज्याला दिसतं तो मिस्त्री. असली नजर नकाशावर उतरवता येत नाही. दहा-पंधरा वर्षं शेजारी उभं राहूनच ती येते, आणि घराण्यात धंदा राहण्याचं खरं कारण तेच.

फळ्या बसवण्याची सुरत-मुंबईची रीतही वेगळी होती. युरोपात फळीला फळी नुसती भिडवून मधल्या फटीत दोर ठोकत. इथे फळीच्या कडेला खाच काढून एक दुसरीत बसवत आणि मध्ये राळ व तेलात भिजवलेला कापूस घालत. वेळ जास्त लागे, पण सांधा असा बसे की दोन फळ्यांची जोडरेषा शोधावी लागे. तळाला चुना आणि तेलाचा लेप देत. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून तो संरक्षण करी. मोठ्या जहाजांना पुढे तांब्याचे पत्रे आले.

कणा ठेवण्याच्या दिवशी पारशी रीतीप्रमाणे त्यात रुप्याचा खिळा ठोकत. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांनाही हाच मान मिळे.

नेपोलियन आणि जमशेटजी

लवजींनंतर त्यांचे मुलगे माणेकजी आणि बमनजी, मग नातू फ्रामजी आणि जमशेटजी. यांतल्या जमशेटजी बमनजींच्या काळात मुंबई गोदी शिखरावर पोचली.

कारण युरोपातलं होतं. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात ब्रिटनला जहाजं कमी पडत होती आणि जहाजांना ओक कमी पडत होता. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला ओकची दोन हजारांच्या घरात झाडं लागत, तीही जुनी, भरलेली. ती उगवायला शतक जातं. त्यामुळे नजर हिंदुस्थानातल्या सागाकडे वळली. मोठी जहाजं मावावीत म्हणून गव्हर्नर जोनाथन डंकनच्या नावाची नवी गोदी बांधली. तिचा पहिला भाग १८०७ साली तयार झाला.

'मिंडेन' याच काळातलं. चौऱ्याहत्तर तोफांचं म्हणजे त्या काळच्या आरमाराच्या मुख्य रांगेत उभं राहून लढणारं जहाज. ब्रिटिश बेटांच्या बाहेर इतकं मोठं जहाज आरमारासाठी पहिल्यांदाच बांधलं गेलं, आणि तेही हिंदी माणसाच्या देखरेखीखाली. अमेरिकेचं राष्ट्रगीत याच मिंडेनवर लिहिलं गेलं, ही गोष्ट वाडियांच्या कौतुकात हटकून येते. ती सोडून द्यावी. १८१४ साली ते गीत सुचलं त्या रात्री कवी एका लहान अमेरिकन जहाजावर होता आणि मिंडेन इकडे पूर्वेच्या समुद्रात. खऱ्या गोष्टी कमी नाहीत. 'कॉर्नवॉलिस' १८१३ साली तयार झालं आणि १८४२ साली त्याच्याच डेकवर चीन आणि ब्रिटनमधला नानकिंगचा तह झाला, ज्यात हाँगकाँग ब्रिटनकडे गेलं. १८२४ सालचं 'एशिया' १८२७ साली ग्रीसजवळच्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचं जहाज होतं. 'वेलस्ली' १८१५ सालचं. ते १९४० साली थेम्स नदीत जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडालं, तेव्हा सव्वाशे वर्षांचं होतं.

'ट्रिंकोमाली'च्या जन्माची हकिगत चटका लावणारी आहे. त्याचे नकाशे लंडनहून ज्या 'जावा' जहाजावरून निघाले, ते जहाज १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकनांनी पाडाव करून बुडवलं. नकाशे समुद्रात गेले. दुसरी प्रत येऊन कणा ठेवायला १८१६ उजाडलं, तोवर युद्धच संपलं होतं. जहाज इंग्लंडला पोचलं आणि पंचवीस वर्षं राखीव साठ्यात पडून राहिलं.

एवढं करणाऱ्या माणसाकडे गोरे अधिकारी कसं बघत? १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या कण्याशेजारच्या तुळईवर जमशेटजींनी आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी काही अक्षरं कोरली होती, असं सांगतात. 'हे जहाज एका हलकट काळ्याने बांधलं, इ.स. १८००', असा त्यांचा अर्थ. बांधताना कानावर आलेली शिवी त्यांनी लाकडात तशीच ठेवली, आणि बऱ्याच वर्षांनी ते जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा काढून दाखवली. त्या वर्षांत ते जहाज समुद्रावर शाबूत फिरत होतं.

पुढे कंपनीने मानाच्या भेटी दिल्या, मान दिला. गोदीचा मालकी हक्क किंवा धोरणात शब्द कधीच दिला नाही. लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांना हिंदुस्थानी जहाजांची स्पर्धा नको होती आणि त्यांचं वजन संसदेत होतं. १८१४-१५च्या सुमारास कायदे झाले, त्यांत हिंदी खलाशी 'ब्रिटिश खलाशी' धरले जाणार नाहीत असं ठरलं. कागदावर ही जहाजांवर बंदी नव्हती. पण हिंदुस्थानात बांधलेलं, हिंदी खलाश्यांनी चालवलेलं जहाज लंडनच्या व्यापारात परवडेनासं होण्याकडेच त्याचा कल होता.

वाफ

१८२९ साली गोदीतून 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट निघाली. लाकूडकाम जमशेटजींचे चिरंजीव नवरोजी यांच्या हाताखाली, इंजिनं मात्र इंग्लंडची. पुढच्या मार्चमध्ये ती सुवेझला निघाली. तिच्या पोटात सहाएक दिवसांचा कोळसा मावे आणि एडन होतं अकरा दिवसांवर. मग खोल्या, डेक, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा रचला. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा उरला होता.

यात पुढचं सगळं दिसतं. बोटीचा देह इथला, आणि तिचा प्राण म्हणजे इंजिन आणि कोळसा बाहेरचा. वाफेचं इंजिन जड असतं, धडधडतं. लाकडी जहाज फार लांब केलं तर लाटेवर त्याचा मधला भाग उचलला जातो आणि दोन्ही टोकं लोंबतात. शेकडो सांधे थोडे थोडे सरकतात आणि जहाजाची पाठ वाकते. दोनशे फुटांच्या पुढे लाकूड रडू लागतं. रिव्हेट ठोकून जोडलेल्या लोखंडी पत्र्यांना ही मर्यादा नाही. पण लोखंडी जहाजाला सुतार लागत नाही. त्याला भट्ट्या, पत्रे लाटणारे कारखाने आणि आराखडे काढणाऱ्या कचेऱ्या लागतात. घराण्याचं शंभर वर्षांचं भांडवल म्हणजे सागाची पारख. तिचा भाव उतरू लागला.

हे वाडियांना कळलं नाही असं मुळीच नाही. १८३८ साली जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन चुलतभाऊ इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत शिकायला गेले. आणि आर्देशर कर्सेटजी (१८०८–१८७७) तर मला या साऱ्या घराण्यातला सर्वांत विलक्षण माणूस वाटतो. चौदाव्या वर्षी गोदीत लागलेल्या या मुलाचा जीव लाकडापेक्षा यंत्रात रमला. त्यांनी विहिरीचं पाणी उपसायला एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः बनवलं. इंग्लंडहून इंजिन मागवून 'इंडस' या लहान जहाजात १८३३ साली बसवलं. १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले आणि ते पाहायला गव्हर्नर आले.

१८३९ साली ते इंग्लंडला गेले. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने त्यांना फेलो, म्हणजे सन्माननीय सभासद, निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणून ते परत आले, म्हणजे त्यांच्या हाताखाली इंग्रज कामगार आले. मुंबईतल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने त्यावर आक्षेप घेतला: एका हिंदी माणसाकडे हे काम कसं? त्यांनी काम चालू ठेवलं. १८५१ साली त्यांनी 'लवजी फॅमिली' नावाची वाफेची बोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांनी घरच्या ओतशाळेत तयार केले होते. नाव मुद्दाम घेतलं होतं, पूर्वज लवजींच्या घराण्याचं.

पण एका माणसाच्या ओतशाळेतून पोलाद उद्योग उभा राहत नाही. त्यासाठी सरकारी मागणी आणि खाणी लागतात, आणि निर्णय करणारे लोक लंडनमध्ये होते. तिथे हिंदुस्थानला यंत्रं विकायची होती. १८४८ सालचं 'मियानी' हे मुंबईने ब्रिटिश आरमारासाठी बांधलेलं शेवटचं मोठं लाकडी लढाऊ जहाज. १८६३ साली कंपनीच्या वारशाचं 'इंडियन नेव्ही' मोडलं गेलं, १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला, आणि मुंबईला लोखंडी आगबोटी तयार येऊ लागल्या. घराण्यातले शेवटचे मास्टर बिल्डर, म्हणजे गोदीचे मुख्य मिस्त्री, जमशेटजी धनजीभाई १८८५च्या सुमारास निवृत्त झाले. त्यानंतर घराण्यातल्या कुणाची त्या जागी नेमणूक झाली नाही.

त्याआधीच, १८७९ साली, याच घराण्यातल्या नवरोसजी वाडियांनी बॉम्बे डाइंग काढली होती. गिरणी. तिथे कारखाना आपला, यंत्रं आपण विकत घेतलेली, फायदातोटा आपला. पाच पिढ्यांच्या नोकरीनंतर घराण्यातला माणूस मालक झाला.

'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी. नव्वदच्या दशकात तिची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा आतलं सागवान बरंचसं मूळचंच सापडलं. आणि मुंबईला, लायन गेटच्या आत, जिथे आपल्याला सहज जाता येत नाही, तिथे डंकन गोदी आजही नौदलाच्या कामाला लागते.